‘मी कुठे आहे?’ याच्या पुढचं वाक्य : एका पुनर्कथनाच्या नोंदी

६ जानेवारी

ठरलं. हिमगौरीची गोष्ट पुन्हा लिहायची, मराठीत, पाच छोट्या प्रकरणांत, आणि फॅनफिक म्हणूनच लिहायची, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या चाहतीने तीच गोष्ट आपल्या परीने पुन्हा लिहिलेली. ‘परीकथेवर आधारित स्वतंत्र कथा’ असं म्हणून अंग काढून घ्यायचं नाही. फॅनफिकमध्ये लिहिणारी आणि वाचणारी, दोघींनाही मूळ गोष्ट तोंडपाठ असते. ती कुठे वळते हे बघण्यातच सगळा जीव असतो. परीकथेला याहून चांगलं घर मिळेल असं मला वाटत नाही.

गेली तीन-चार वर्षं मी ऑनलाइन स्त्रीवादी पुनर्कथनं अधाशासारखी वाचतेय. स्वतःचेच केस कापून त्यांचा दोर करणारी रापुन्झेल, चेटकिणीच्या प्रेमात पडलेली निद्रिस्त राजकन्या, काचेचा बूट मुद्दाम फोडून टाकणारी सिंड्रेला. काही इतक्या सुरेख की वाचून झाल्यावर झोप लागली नाही. काही वाचून मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काय राहतं, ते स्वतः लिहून बघितल्याशिवाय मला कळणार नाही. नोंदी ठेवतेय, कारण एखादा निर्णय का घेतला हे महिन्याभरात साफ विसरायला होतं.

पहिलीच अडचण. फॅनफिकला ‘कॅनन’ लागतं, म्हणजे सगळ्यांनी मूळ म्हणून मानलेली गोष्ट. हिमगौरीचं कॅनन कोणतं धरायचं?

९ जानेवारी

बहुतेकांच्या डोळ्यांपुढची हिमगौरी १९३७च्या डिस्नेच्या चित्रपटातली असते, चुंबनाने जागी होणारी. जर्मन परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत चुंबन नाहीच.

आणि ग्रिम बंधूंची म्हणावी तर ती तरी कोणती? पुस्तकाचा पहिला खंड १८१२चा. तो धरून १८५७पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्म ग्रिम दर वेळी हात फिरवत राहिला. १८१२च्या छापील गोष्टीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. खिडकीत शिवत बसलेली, बोटात सुई टोचून बर्फावर रक्ताचे तीन थेंब सांडलेली, ‘बर्फासारखं गोरं, रक्तासारखं लाल आणि या चौकटीच्या लाकडासारखं काळंभोर मूल मला होऊ दे’ म्हणणारी बाई तीच, आणि सात वर्षांनी शिकाऱ्याला त्या मुलाचं काळीज-फुप्फुस आणायला सांगणारीही तीच. १८१९च्या आवृत्तीत विल्हेल्मने एक वाक्य घातलं: मूल जन्मलं आणि राणी वारली. वर्षभराने राजा दुसरी बायको करतो. एका वाक्यात आईचे दोन तुकडे झाले, एक चांगली आणि मेलेली, दुसरी जिवंत आणि वाईट. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतही तेच झालं. मुलांना जंगलात सोडायला लावणारी आई १८४०च्या आवृत्तीत सावत्र झाली.

त्याही आधी १८१०चं एक हस्तलिखित आहे. त्यात राणी शिकाऱ्याला पाठवतच नाही. स्वतः मुलीला गाडीत घालून जंगलात नेते आणि गुलाब तोडायला खाली उतरवते. तिथे राजपुत्रही नाही. परतीच्या वाटेवर वडिलांना शवपेटी दिसते.

मी १८१२ धरणार. मला ती एकसंध आई हवी आहे. ‘सावत्र’ हा शब्द गोष्टीत कुठेही येऊ द्यायचा नाही.

१४ जानेवारी

वाचनाची जुनी वही काढली. ‘राहून गेलं’ असा शेरा मारलेल्या कथा पुन्हा चाळल्या.

एक जात आहे तलवारवाल्यांची. मुलीच्या हातात शस्त्र देतात, तीच जंगल पार करते, तीच मनोऱ्यावर चढते. मला या कथा आवडत नाहीत असं नाही, पण बऱ्याचदा राजपुत्राची जागा तशीच ठेवून त्यात फक्त माणूस बदललेला असतो. कुणीतरी निपचित पडलंय आणि कुणीतरी घोड्यावरून येतंय, ही मांडणी हलतच नाही.

दुसरी जात राणीला न्याय देणाऱ्यांची. राणी खरं तर वैद्य होती, शास्त्रज्ञ होती, लोकांनी तिला चेटकीण ठरवलं. यातल्या काही फारच चांगल्या आहेत. पण राणीला धुऊन काढताना तो मळ दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर उडतो: दासी फितूर निघते, राणीची आई दुष्ट निघते, नाहीतर हिमगौरीच मूर्ख आणि नटवी ठरते. दोघींपैकी एक वाईट असलीच पाहिजे हा हिशेब कुणी मोडत नाही. माझी राणी मी धुणार नाही. रानडुकराचं काळीज-फुप्फुस आपल्या लेकीचं समजून तिने मीठ घालून शिजवायला लावलं आणि खाल्लं. हे पान गाळून पुढे गेले तर मी मुलीशी खोटं बोलेन.

२२ जानेवारी

‘मूळ कथेची मोडतोड कशाला?’ हा प्रश्न मला घरातही ऐकावा लागतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घ्या. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या पुस्तकात लांडगा मुलीला खातो आणि तिथेच गोष्ट संपते. खाली एक तात्पर्याची कविता, तरुण मुलींनी कुणाचंही ऐकू नये अशी. १८१२मध्ये ग्रिम बंधू शिकारी आणतात, तो लांडग्याचं पोट फाडतो. पण फ्रान्समध्ये १८८५च्या सुमारास आशिल मिलिएँने टिपून घेतलेली एक लोककथा आहे, आजीची गोष्ट म्हणून ओळखली जाते. तिच्यात मुलगी अंथरुणातून म्हणते, मला बाहेर जायचंय. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून तिला सोडतो. ती अंगणात जाऊन दोरी प्लमच्या झाडाला बांधते आणि पळून जाते. शिकारी नाही, तात्पर्य नाही. मुलीनेच डोकं चालवलं.

पण हीच ‘खरी मूळ’ गोष्ट आहे असं म्हणायचा मोह मी आवरते. ती कागदावर आली पेरोनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तिचा आधार घेऊन ‘बघा, आधी सगळं स्त्रीवादीच होतं’ असं म्हणणाऱ्या प्रस्तावना मी वाचल्यात. त्या मला पटत नाहीत. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की एकच गोष्ट ज्याच्या हाती गेली त्याने तिचा शेवट बदलला.

आणि हात बायकांचेही होते. ‘परीकथा’ या नावाचा जन्मच मादाम द’ओल्न्वा या फ्रेंच लेखिकेच्या पुस्तकाच्या शीर्षकातून. रापुन्झेलची लांब वेणी ग्रिम बंधूंच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १६९८मध्ये, शार्लोट-रोझ द ला फोर्सने लिहिली. ग्रिम बंधूंना गोष्टी सांगणाऱ्यांत कासेलच्या हासेनप्फ्लूग बहिणी होत्या, शेजारच्या विल्ड घराण्यातल्या मुली होत्या (त्यांतल्या डोर्टशेनशी १८२५मध्ये विल्हेल्मचं लग्न झालं), आणि शिंप्याची बायको डोरोथेआ फीमान होती. मुखपृष्ठावर दोन भावांचं नाव. आज टोपणनावाने रात्री गोष्टी बदलून लिहिणाऱ्या मुली या रांगेतल्याच आहेत असं मला मनापासून वाटतं.

पुरे. आता परत कामाला.

३० जानेवारी

आजचा दिवस फार मोठा गेला.

रूथ बॉटिगहायमर या अभ्यासिकेने ग्रिम बंधूंच्या कथांत कोण किती बोलतं आणि कुणाला गप्प केलं जातं, याचा आवृत्तीगणिक मागोवा घेतला होता, १९८७च्या तिच्या पुस्तकात. म्हटलं, आपणही हिमगौरीची वाक्यं वेगळी काढू. १८५७चा मजकूर घेतला आणि तिच्या तोंडची वाक्यंच तेवढी एका कागदावर उतरवली. कागद अर्धाही भरला नाही.

शिकाऱ्याला ती म्हणते, मला जिवंत सोड, मी रानात पळून जाईन, परत कधी घरी येणार नाही. बुटक्यांना स्वतःचं नाव सांगते. घर सांभाळ, स्वयंपाक कर, अंथरुणं घाल, धुणं, शिवणं, विणणं कर, मग इथे राहा, असं ते म्हणतात. त्यावर ती म्हणते, हो, अगदी मनापासून. मग दारावर आलेल्या म्हातारीला: बाई, काय विकायला आणलंय? दुसऱ्या खेपेला: पुढे जा, मला कुणाला आत घ्यायची परवानगी नाही. तिसऱ्या खेपेला: मला कुणाला आत घ्यायची परवानगी नाही, सात बुटक्यांनी मना केलंय. आणि: नाही, मला काही घ्यायची परवानगी नाही.

हे ‘परवानगी नाही’ मी तीनदा लाल पेनाने अधोरेखित केलं. जर्मनमध्ये ‘डार्फ’ हे क्रियापद आहे, परवानगीचं. तिचा प्रत्येक नकार दुसऱ्याच्या नावावर आहे. ‘मला नको’ असं ती एकदाही म्हणत नाही.

आणि शेवटी, पेटीत डोळे उघडल्यावर: ‘अरे देवा, मी कुठे आहे?’

राजपुत्र आनंदाने सांगतो, ‘तू माझ्याजवळ आहेस.’ मग सगळी हकिकत, मग जगात तूच मला सर्वांत प्रिय, चल माझ्या वडिलांच्या राजवाड्यात, माझी बायको हो. त्यावर तिचं उत्तर नाही. निवेदक एवढंच सांगतो की तिला तो आवडला आणि ती त्याच्याबरोबर गेली.

म्हणजे ‘मी कुठे आहे?’ हे तिचं सबंध गोष्टीतलं शेवटचं वाक्य. त्यानंतर तिचं लग्न होतं, राणीला मरेपर्यंत नाचवलं जातं, आणि ती एक अक्षर बोलत नाही.

माझ्या हाताला काटा आला. हेच राहून जात होतं. मला तिचं पुढचं वाक्य लिहायचंय.

२ फेब्रुवारी

ते वाक्य सुचत नाही. पहिली दोन प्रकरणं आधी लिहून काढते.

८ फेब्रुवारी

वेष बदललेल्या राणीच्या तीन खेपा. नाडी, फणी, सफरचंद. दर वेळी बुटके बजावून जातात आणि दर वेळी पोर दार उघडते. किती कथांमध्ये यावरून तिला बावळट ठरवलंय! स्त्रीवादी म्हणवणाऱ्या कथांतही. सुंदर वस्तूंचा मोह, म्हणे.

आज लिहिता लिहिता वेगळंच दिसलं. दिवसभर ती एकटी असते. दारात एका बाईचा आवाज येतो. १८१२ची गोष्ट धरली तर तो तिच्या आईचा आवाज आहे. तोंडाला रंग फासला, कपडे बदलले, तरी सात वर्षं ऐकलेला आवाज मूल विसरेल? नाडी घट्ट बांधायला जवळ आलेल्या हातांचा वास विसरेल?

तिने ओळखलं होतं. ओळखूनच दार उघडलं.

रात्रीच बीटाला पाठवलं. (माझी बीटा म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला दाखवल्याशिवाय मी काही चढवत नाही.) सकाळी तिचा फोन: “अगं, हे भयंकर आहे. म्हणजे सगळं कळून-सवरून ती मरायला उभी राहिली? तू तर तिला सोशीक करून ठेवलीस. याच्यावरच तर आपण इतकी वर्षं चिडतोय!”

तिचं बरोबर आहे. दिवसभर काही लिहवलं नाही.

१२ फेब्रुवारी

उत्तर सापडलंय असं वाटतं. मूल आईसाठी दार उघडतं, मरणासाठी नव्हे. दर वेळी तिला वाटतं, या खेपेला आई फक्त केस विंचरेल. पहिल्यांदा नाडीने श्वास कोंडला, तरी आईचे हात पाठीवर होतेच ना. ज्या मुलांना घरातच मार बसलाय ती मारणाऱ्याचीच वाट बघतात, हे ठाऊक असलेल्या वाचकांना मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. यात सोशिकपणा नाही. तिला दुसरं कुणीच नाही, एवढंच आहे.

फणीचा प्रसंग पुन्हा लिहिला. विष टाळूला लागण्याआधी तीन वेळा फणी केसांतून नीट फिरते. पोर डोळे मिटतं. राणीचा हातही क्षणभर थांबतो, आणि मग ती फणी दाबते. हात थांबला म्हणून मी तिला माफी देत नाही. तो थांबला आणि तरीही तिने दाबली, म्हणून गुन्हा जास्त दिसतो.

बीटाने वाचलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ठेव.”

२० फेब्रुवारी

व्याकरणाने आज मोठी मदत केली.

जर्मनमध्ये हिमगौरीच्या नावाच्या शेवटी ‘खेन’ हा लघुत्वाचा प्रत्यय आहे, त्यामुळे ती व्याकरणाने नपुंसकलिंगी, ‘ते’. गोष्टभर तिचा उल्लेख ‘ते’ असाच होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हे आणता येत नाही. आपल्याला येतं! ‘ते पोर’. ते पोर जंगलात पळालं, ते पोर सातव्या अंथरुणावर झोपलं. लाडाचंही आहे आणि अजून कुणी नसल्याचंही.

म्हणून पहिली चार प्रकरणं ‘ते पोर’. एक त्रास आहे: ‘त्याला’, ‘त्याने’ आलं की मध्येच मुलगा वाटतो, कारण नपुंसकलिंगाची रूपं तिथे पुल्लिंगासारखीच होतात. चार-पाच वाक्यं त्यासाठी मोडून पुन्हा जुळवली. शक्य तिथे ‘पोराला’ असं नामच ठेवलं.

पाचव्या प्रकरणात ती पहिल्यांदा ‘मी’ म्हणेल. आणि मराठीत ‘मी’ नंतर क्रियापद आलं की बाई की पुरुष ते उघड होतं, जाते, जातो, आले, आलो. पण सगळीकडे नाही. ‘मी कुठे आहे?’ यात ते कळत नाही! हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. तिचं जे शेवटचं वाक्य ग्रिम बंधूंनी ठेवलं, त्यात ती अजून कुणीच नाही. कुठल्या वाक्यात ती ‘ती’ होते, हे आता माझ्या हातात आहे.

१ मार्च

पेटी.

राजपुत्र बुटक्यांना म्हणतो, पेटी मला द्या, हवं ते मोल देईन. ते म्हणतात, जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही देणार नाही. मग तो म्हणतो, तर मला भेट द्या. आणि ते देतात. विकायला नकार देणारी भली माणसं ती, पण द्यायला तयार होतात. पेटीवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव आणि ‘राजकन्या’ असं लिहिलेलं. या संवादातला एक शब्दही मला बदलावा लागला नाही.

पुढचं १८१२मधलं दृश्य तर फार थोड्या लोकांना माहीत आहे. राजपुत्र पेटी महालात आणतो, दिवसभर तिच्यापाशी बसून राहतो. बाहेर जायचं तर पेटी बरोबर हवी, जेवायचं तर पेटी शेजारी हवी, नाहीतर घास उतरत नाही. ती सतत वाहून नोकर मेटाकुटीला येतात. शेवटी एक नोकर झाकण उघडतो, तिला वर उचलतो, म्हणतो, एका मेलेल्या पोरीपायी आमचे दिवसभर हाल, आणि तिच्या पाठीत हाताने एक दणका देतो. सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो. पुढच्या आवृत्त्यांत हा दणका गेला. तिथे नोकर झुडपाला अडखळतात आणि पेटीला हिसका बसतो.

जुन्या गोष्टींत जाग येते ती बहुतेक अशीच. बेडकाचा राजपुत्र होतो तो राजकन्येने त्याला भिंतीवर आपटल्यावर. इटालियन लेखक बासिलेच्या १६३४–३६च्या नेपल्सच्या कथासंग्रहात झोपलेल्या तालियावर राजा जबरदस्ती करून निघून जातो, तिला झोपेतच जुळं होतं, आणि त्यातलं एक बाळ स्तन शोधताना तिचं बोट चोखतं तेव्हा जवसाचं कुसळ निघून ती जागी होते. राजाचा त्यात काही वाटा नाही. प्रेमाने जाग येते हे आपण नंतर शिकलो.

माझ्या गोष्टीत तो नोकर राहणार. त्याला बाई करावं का, असा विचार आला होता. दोन पानं लिहूनही पाहिली. मग ती भगिनीभावाची गोष्ट होते आणि दणक्यातला खरा थकवा हरवतो. तो पुरुषच राहील, खांदे सोलवटलेला. आणि ती डोळे उघडते तेव्हा राजपुत्र तिथे नाही. ‘मी कुठे आहे?’ हे ती नोकराला विचारते.

३ मार्च

नोकराचं उत्तर. आधी लिहिलं: “पेटीत होतीस.” पाठवूनही दिलं. मग लक्षात आलं की ‘होतीस’ म्हणताच तिचं बाईपण त्यानेच ठरवलं. शिवाय बीटाने विचारलं, राजकन्येला नोकर ‘तू’ म्हणेल का, ‘तुम्ही’ नको का? क्रियापदच काढून टाकलं, दोन्ही प्रश्न सुटले. आता असं आहे:

“मी कुठे आहे?”

“काचेच्या पेटीत. आमच्या खांद्यावर.”

राजपुत्राच्या ‘माझ्याजवळ’पेक्षा हे उत्तर खरं आहे.

९ मार्च

आरसा. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या अभ्यासिकांनी १९७९मध्येच म्हटलं होतं की आरशातला आवाज हा राजाचा, पुरुषसत्तेचा आवाज आहे. तेव्हापासून कितीतरी पुनर्कथनांत आरशामागे राजा बसलेला असतो. मला ते पटतं, पण पुन्हा वापरायचं नाही. वाचक आता त्याची वाटच बघत असतात. मराठीत आरसा ‘तो’ आहे आणि आरशी ‘ती’. मी ‘आरसा’च ठेवला, त्याला चेहरा दिला नाही आणि पुढे काही बोलले नाही. ‘आरसा म्हणाला’ यातला ‘म्हणाला’ पुरेसा आहे.

१६ मार्च

लोखंडी जोडे.

लग्नाला राणीला बोलावणं जातं. ती येते, मुलीला ओळखते, भीतीने जागची हलत नाही. निखाऱ्यांवर लोखंडी जोडे ठेवलेले असतात, चिमट्याने उचलून तिच्यापुढे आणतात, आणि ते लालबुंद जोडे घालून तिला मरेपर्यंत नाचावं लागतं. कुणी ठेवले? मजकुरात कर्ताच नाही. ‘ठेवलेले होते.’ हुकूम कुणाचा, निखारे कुणी फुंकले, हिमगौरी तेव्हा काय करत होती, काही नाही.

पुनर्कथनं इथे बहुतेक दोनच गोष्टी करतात: जोडे गाळतात, नाहीतर चिमटा हिमगौरीच्या हातात देतात. मी जोडे ठेवणार, आणि तो हरवलेला कर्ता हिमगौरीला शोधायला लावणार. ती स्वयंपाकघरात जाते, भट्टीशी तोच नोकर उभा.

“हे कोणासाठी?”

“तुमच्या आईसाठी.”

“कोणी ठेवले?”

“ठेवलेत.”

२३ मार्च

टॅग आणि सूचना. कथा आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर टाकणार आहे. २००९मध्ये खुलं झालेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं, चाहत्यांचं हे संग्रहालय. २०१९मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे कथेच्या डोक्यावरच धोक्याच्या सूचना द्यायची पद्धत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. छापील पुस्तकात मुलांच्या हाती जळते जोडे बिनदिक्कत दिले जातात.

‘मुख्य पात्राचा मृत्यू’ लावायचा का? ती मेली होती की नाही? लावला. मुलांवरच्या घरातल्या अत्याचाराचा टॅग स्वतंत्र लिहिला, ठळक.

वय. आरसा पहिल्यांदा तिचं नाव घेतो तेव्हा ती सात वर्षांची. पेटीत ‘खूप खूप काळ’ होती, किती ते सांगितलेलं नाही. बहुतेक जणी गुपचूप तिला अठरा वर्षांची करतात. मी तो काळ मोकळाच ठेवला. माझ्याकडे लग्न होतच नाही.

३० मार्च

वाक्य सापडलं. भट्टीशी उभी राहून ती नोकराला सांगते:

“मी ओळखलं होतं तिला. तिन्ही वेळा. दार मीच उघडलं.”

हे लिहून झाल्यावर बघते तर यातल्या एकाही क्रियापदातून ती बाई असल्याचं कळत नाही. ‘ओळखलं’, ‘उघडलं’, आपल्याकडे अशा ठिकाणी क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही. मी ठरवून केलं नव्हतं. मग पुढचं वाक्य आपोआप आलं, नवा परिच्छेद, दोन शब्द: मी निघाले.

बीटा: “निघाली कुठे?”

“आईला गाठायला. ती लग्नाला निघायच्या आधी.”

“वाचवायला की जाब विचारायला?”

मला दोन्ही हवंय. तिलाही हवं असणार. बीटा म्हणाली, मग आईला शिक्षा काय? त्यावर आमचं तासभर वाजलं. तिचं म्हणणं, सात वर्षांच्या लेकराचं काळीज मागणारी बाई मोकळी सुटता कामा नये. आणि मी तिच्या बाजूने बोललेय असं कुणाला वाटलं तर ती माझ्यासाठी भांडायला येणार नाही. माझं म्हणणं, शिक्षा कुणी द्यायची हे विचारण्याआधीच जोडे तापलेले असतात, यालाच माझा विरोध आहे. पटलं नाही तिला पूर्ण. शेवटच्या प्रकरणात मी एक ओळ वाढवली: पोरगी बाहेर पडते तेव्हाही जोडे निखाऱ्यावरच आहेत. कुणी उतरवलेले नाहीत.

४ एप्रिल

शेवटची नजर. ‘मी निघाले’ नंतर आधी तीन टिंबं होती. काढली, पूर्णविराम दिला. शीर्षक ‘दार’.

रात्री पाचही प्रकरणं एकदम चढवली. बीटाचा निरोप आला, तिने पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलंय.